पारव्यांना विष नको : कोल्हापुरात लोक आम्हाला विचारतात ते प्रश्न

आम्ही काही जण पेठांतून, अपार्टमेंटमधून, शाळांतून फिरतो आणि एकच गोष्ट सांगतो. पारव्यांचा त्रास कमी करता येतो, पण विष घालून नाही. पेठांपासून कसबा बावड्यापर्यंत कुठेही गेलं तरी थोड्याफार फरकाने तेच प्रश्न येतात. ते लोकांनी ज्या शब्दांत विचारले त्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने बोलून चालत नाही.

तुमची मागणी नेमकी काय?

शहरातल्या कुठल्याही गच्चीवर, डक्टमध्ये, देवळाच्या आवारात किंवा बाजारात पारव्यांसाठी विषारी दाणा टाकला जाऊ नये. सोसायटीने, मंगल कार्यालयाने, गोडाऊनच्या मालकाने तसा ठराव करू नये आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला तसं काम देऊ नये. महानगरपालिकेने हे जाहीरपणे सांगावं आणि विष न घालता काय करता येतं याचं मार्गदर्शन करावं.

त्रास खोटा आहे असं आम्ही कधीच म्हणत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे-पापड घातले की राखण बसावं लागतं, धुतलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागतात, पहाटे चारला एसीच्या मागे घुमणं सुरू होतं. हे सगळं आमच्याही घरात आहे.

पण कोल्हापुरात खरंच कोण विष घालतंय?

आम्ही या कामात पडलो तेच अशा एका सकाळमुळे. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर अकरा पारवे पडले होते. दोन जिवंत होते, पंख फडफडत होते, मान मागे वळली होती, चोचीतून लाळ गळत होती. एक जण पाण्याच्या टाकीच्या झाकणावर मरून पडला होता आणि झाकण अर्धवट उघडं होतं. कोपऱ्यात पत्रावळीवर भिजवलेले तांदूळ होते, त्यांना उग्र वास येत होता. इमारतीतली पोरं शाळेला निघाली होती, ती जिन्यात थांबून बघत होती.

ती इमारत कुठली, दाणा कुणी ठेवला, हे आम्ही सांगत नाही. त्या माणसाशी आम्ही बोललो, त्याने पुन्हा तसं केलं नाही. अशा गोष्टी गुपचूप होतात. त्यांचा कुठे हिशेब राहत नाही, म्हणून आकडा देत नाही. पण एखाद्या बैठकीत आम्ही विषय काढला की मागच्या ओळीतून कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आमच्याकडे पण झालं होतं ओ.’

पारवा आणि कबूतर एकच की वेगळे?

पक्षी एकच. रानातला राखी-निळसर, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी आणि पंखावर दोन काळे पट्टे असलेला तो पारवा. माणसाने हजारो वर्षांपूर्वी त्यालाच पाळलं आणि त्यातून पांढरी, तपकिरी, ठिपक्यांची कबुतरं झाली. शहरातल्या थव्यात दोन्हींचं रक्त मिसळलेलं असतं.

मूळचा हा कडेकपारीचा पक्षी. पन्हाळ्याच्या तटातल्या भोकांत, जुन्या दगडी विहिरींच्या कोनाड्यांत तो आजही राहतो. म्हणून तो झाडावर घरटं बांधायला जात नाही, सपाट कठडा शोधतो. छज्जा, डक्ट, एसीचा सांगाडा, पुलाखालची तुळई या त्याच्यासाठी कडेकपारीच आहेत. हे एकदा लक्षात आलं की उपायही याच ठिकाणी सापडतो.

पेठांत गच्चीवर हौसेने कबुतरं पाळणारी मंडळी आहेत. शेजारच्या गच्चीवर टाकलेला दाणा पाळलेलं कबूतर आणि पारवा बघत नाही. हे त्यांना सांगितलं की ती आमच्या आधी उठून उभी राहतात.

कसलं विष वापरतात? त्याने नेमकं काय होतं?

उसाच्या पट्ट्यात कुणाला वेगळं सांगायला नको. हुमणीसाठी वापरलं जायचं ते थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्या कुळातली इतर कीटकनाशकं. फोरेटवर देशभर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, पण जुना डबा कोठाराच्या माळ्यावर राहिलेला असतो. दुसरं म्हणजे उंदीर मारायची पूड.

फोरेटच्या जातीची विषं नसा आणि स्नायू यांच्यातलं एक द्रव्य मोडून काढणारं विकर बंद पाडतात. मग स्नायूंना ‘थांब’ असा निरोपच मिळत नाही. लाळ, जुलाब, थरथर, झटके, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून श्वास बंद. शेतात फवारणी करताना माणसाला विषबाधा होते तेव्हा सीपीआर रुग्णालयात आणलेल्या पेशंटला जे होत असतं, तेच. उंदराच्या पुडीतलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात गेलं की विषारी वायू तयार होतो. रक्त गोठू न देणारी औषधं तर काही दिवस घेतात आणि आतल्या आत रक्तस्राव होत राहतो.

यातलं कुठलंही मरण झटकन येत नाही. मधल्या वेळात पक्षी उडतो. विष टाकणाऱ्याच्या गच्चीवर दोन पडतात, बाकीचे दुसऱ्याच्या अंगणात, शाळेच्या मैदानात, रस्त्यावर.

आमचा पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, हे औषध मारत नाही, नुसतं गुंगी आणतं.

त्याला विचारा, प्रत्येक पक्ष्याने किती दाणे खायचे हे तो कसं ठरवणार? गुंगी आणि मृत्यू यांत फरक फक्त मात्रेचा असतो. दाण्याच्या ढिगावर धिटाईने बसणारा पारवा पोटभर खातो, मागचा दोन दाणे उचलतो. गुंगलेला पक्षी गच्चीच्या कठड्यावरून खाली पडला, मांजराने धरला, पावसात भिजला, तरी मेलाच.

अमेरिकेत ४-अमिनोपिरिडिन नावाचं द्रव्य ‘पक्षी पळवणारं’ म्हणून विकलं जातं. खाल्लेल्या पक्ष्याला झटके येतात, ते बघून थवा घाबरतो, अशी त्यामागची कल्पना. न्यूयॉर्क शहरात २००० साली त्यावर बंदी आली. नाव काहीही दिलं तरी दाण्यात मिसळलेलं ते विषच. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला मागा. लेबल दाखवायला तयार नसेल तर काम देऊ नका.

क्रूर असेल, पण पारवे कमी तर होतात ना?

होत नाहीत. आमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने १९६१ ते १९८५ या काळात पकडून आणि गोळ्या घालून सुमारे १ लाख पारवे मारले. शहरातली संख्या तेव्हा २० हजारांच्या आसपास होती. पंचवीस वर्षांनी किती राहिली? तेवढीच, २० हजारांच्या आसपास. मग तिथल्या विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वेगळी मोहीम सुरू झाली. मारणं बाजूला ठेवून लोकांना दाणे घालणं कमी करायला सांगितलं, जास्त दाण्याने पक्ष्यांचेच हाल कसे होतात हे पत्रकांतून, पोस्टरांतून समजावलं. साधारण चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

असं का होतं ते पारव्याच्या संसारात बघा. जोडी एका वेळी दोन अंडी घालते. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, महिनाभरात उडायला लागतात. अन्न मुबलक असेल तर वर्षातून पाच-सहा वेळाही वीण होते. शहरात किती पारवे राहणार हे दोन गोष्टींवर ठरतं. किती दाणा सांडतो आणि बसायला किती जागा आहे. गच्चीवरचे तीस मारले तर तीस जागा मोकळ्या होतात आणि तेवढ्यांचं अन्न शिल्लक राहतं. एरवी उपासमारीने गेली असती ती पिल्लं जगतात, शेजारच्या पेठेतले इकडे येतात. दोन-चार महिन्यांत गच्ची पूर्वीसारखी. मग पुन्हा विष. आमच्याकडे लोक येतात ते बहुतेक तिसऱ्या खेपेला, ‘काय केलं तरी जात नाहीत’ म्हणत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

मेले तर पारवेच मेले. दुसऱ्या कुणाला काय होणार आहे?

आमची सगळ्यांत मोठी काळजी इथेच आहे.

पहिल्यांदा, दाणा फक्त पारव्यासाठी राहत नाही. चिमण्या, साळुंक्या, होले तोच दाणा टिपतात. चिमण्या राहिल्या नाहीत म्हणून आपण हळहळतो, परसात लाकडी घरटी टांगतो आणि त्याच घराच्या गच्चीवर विषाचे तांदूळ ठेवतो.

दुसरं, मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या पारव्यावर कोण येतं ते आठवा. घार येते, कावळा येतो, शिक्रा येतो. पारव्याच्या गळ्याखालच्या पिशवीत न पचलेले विषारी दाणे तसेच असतात. मांजर ते ओढून नेतं, कुत्रं खातं. सांडलेला दाणा उंदीर खातो आणि तो उंदीर रात्री गव्हाणी घुबड उचलतं. शेतकऱ्याच्या धान्याची फुकटात राखण करणारा तो पक्षी आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडांचं काय झालं ते आपल्याच देशात घडलं. औषध गुरांसाठी होतं, मेली गिधाडं, आणि तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. विष ज्याच्यासाठी ठेवलं त्याच्यापाशी थांबत नाही.

तिसरं, माणसं. रांगणारं मूल गच्चीवर दाणा उचलून तोंडात घालतं. कचरा वेचणारी मावशी हाताने मेलेला पक्षी उचलते. टाकीचं झाकण उघडं असतं. आणि वळवाचा एक पाऊस आला की गच्चीवरचं सगळं पन्हाळीतून गटारात, गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत. नदीच्या प्रदूषणावर आपण वर्षानुवर्षं बोलतो आहोत, त्यात ही भर नको.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विणीच्या दिवसांत आईबाप मेले की डक्टमधली पिल्लं उपाशी मरतात. पारव्याची दोघंही नर-मादी पिशवीतलं दुधासारखं पाझरण पाजून पिल्लं वाढवतात, दुसरं कुणी ते करू शकत नाही. चार-पाच दिवसांत डक्टमधून वास येतो, माशा होतात, आणि ज्या घाणीसाठी विष घातलं त्याच्या दसपट घाण बाथरूमच्या खिडकीशी सडत पडते.

आमच्या आईला दमा आहे. डॉक्टर म्हणाले पारव्यांपासून लांब ठेवा. मग?

डॉक्टरांचं ऐका. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ बराच काळ श्वासात जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना अ‍ॅलर्जीची सूज येते. वेळेवर कळली नाही तर फुप्फुसं कायमची कडक होतात. जुन्या विष्ठेत वाढणाऱ्या काही बुरशा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोक्याच्या असतात. आम्ही हे लपवत नाही. लपवलं तर आमच्या बाकीच्या बोलण्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

पण धोका विष्ठेत आहे, आणि पारवे मेल्याने विष्ठा जात नाही. ती छज्जावर, एसीच्या मागे तशीच वाळत राहते. आईसाठी करायचं ते असं. बाल्कनीत पारवे बसणार नाहीत अशी जाळी लावा. साचलेली घाण काढताना ती आधी पाण्याने नीट भिजवा, कोरड्या झाडूने कधीही झाडू नका. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, पिशवीत भरून तोंड बांधा. हे काम घरातल्या धडधाकट माणसाने करावं, आईला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावं. खोकला आणि दम बरेच दिवस हटत नसेल तर छातीच्या डॉक्टरांना पारव्यांबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मुंबईत कबुतरखाने बंद केले. तुम्ही त्या वादात कुणाच्या बाजूने?

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, दादरला आंदोलनं झाली. एका बाजूला श्वासाचे आजार, दुसऱ्या बाजूला जीवदयेची श्रद्धा. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत होती. त्या सगळ्या वादात पारवे मारा असं सरकारने म्हटलं नव्हतं. प्रश्न दाण्याचा होता, आणि दाण्याबद्दल आमचं मत पुढच्या उत्तरात आहे.

म्हणजे तुम्ही दाणे घालू नका म्हणता? आम्ही तर पुण्य म्हणून घालतो.

हे सांगताना आम्हाला जड जातं. रोज पहाटे पिशवीतून ज्वारी घेऊन जाणारे आजोबा, लेकीच्या नावाने मूठभर गहू टाकणारी वहिनी यांच्या मनात दया आहे. ती आम्हाला हवी आहे, तीच घेऊन तर आम्ही फिरतो.

पण हिशेब बघा. पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो. एक किलो ज्वारी म्हणजे तीसेक पारव्यांचं दिवसभराचं पोट. रोज पाच किलो एकाच चौकात पडले तर दीडशे पारवे तिथेच राहणार, तिथेच वीण करणार, आणि समोरच्या चार मजली इमारतीत घाण होणार. मग त्याच इमारतीतला कुणीतरी एक दिवस विष आणतो. दाणा घालणारा आणि विष घालणारा एकमेकांना ओळखतही नसतात. गर्दीत रोगही पसरतात, पिल्लं दुबळी होतात.

आमची विनंती अशी. एकाएकी बंद करू नका, आठवड्या-आठवड्याने कमी करा. पारव्यांना शहरात पोट भरता येतं, ते उपाशी मरत नाहीत. पाणी मात्र ठेवा. मातीच्या परळात, रोज बदललेलं, सावलीत. एप्रिल-मेमध्ये त्याचा उपयोग सगळ्यांनाच होतो. आणि दाण्याचे पैसे एखाद्या जखमी पक्ष्याच्या औषधाला द्या. तेही पुण्यच आहे.

बरं, मारू नका म्हणता. मग काय डोक्यावर बसवून घ्यायची काय?

डोक्यावर नको, छज्जावरही नको! हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडतो, कारण इथून पुढे कामाचं बोलणं होतं.

आधी एक दिवस नुसतं बघा. कुठे बसतात, कुठे झोपतात, कुठे काड्या नेतात, दाणा कुठून मिळतो. या चार जागा कागदावर लिहा. बहुतेक इमारतींत सगळा त्रास दोन-तीन ठिकाणांहूनच येतो.

डक्ट आणि बाल्कनीला दोन इंची डोळ्याची नायलॉनची जाळी. चारी बाजूंनी तारेवर ताणून, कुठेही पोक न ठेवता. ढिली जाळी पारव्याचा फास होते. एसीच्या मागची फट प्लायवूडने किंवा पत्र्याने बंद. अरुंद कठड्यावर उतरता पत्रा ४५ अंशांत बसवला की पारव्याला पाय टेकवता येत नाहीत. गवंडी हे अर्ध्या दिवसात करतो, आणि कायमचं काम होतं. बोथट टोकांच्या पट्ट्या मिळतात त्या पाटीवर, पाइपवर ठीक, पण काड्या साठल्या की पारवे त्यांच्यावरच घरटं करतात, म्हणून साफ ठेवाव्या लागतात. चिकट जेल अजिबात वापरू नका. त्यात चिमणी अडकली तर पिसं उपटून निघतात आणि ती उडू शकत नाही.

सीडी टांगणं, प्लास्टिकचं घुबड ठेवणं, फटाका लावणं, यांना पारवे आठवड्यात सरावतात. पैसे वाया.

घरटं बांधायला सुरुवात झाली असेल तर काड्या रोज काढा. दोन-तीन दिवसांत जोडी दुसरीकडे जाते. यात कुणाचा जीव जात नाही. पण पिल्लं असतील तर जाळी लावायचं थांबा. आम्ही लोकांना नेहमी म्हणतो, एक महिना धीर धरा. आत पिल्लं कोंडून जाळी ठोकली तर विषासारखंच झालं.

घरट्यात अंडी सापडली तर?

युरोपातल्या काही शहरांत, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये उदाहरणार्थ, पारव्यांसाठी मुद्दाम खुराडी बांधतात, तिथेच मोजका दाणा देतात आणि अंडी काढून प्लास्टिकची किंवा प्लास्टरची खोटी अंडी ठेवतात. जोडी ती उबवत बसते, लगेच पुन्हा अंडी घालत नाही. अंडी नुसती फेकली तर मात्र ती थोड्याच दिवसांत नवी घालते. आपल्याकडे असं खुराडं एखाद्या उद्यानात महापालिका आणि पशुवैद्य यांनी मिळून करून बघायला हरकत नाही. घरच्या घरी कुणी करायला जाऊ नये. परवानगीचा प्रश्न येतो, आणि अंडी किती दिवसांची आहेत हे आपल्याला ओळखता येत नाही.

बाजारात आणि जुन्या देवळांत काय करणार?

लक्ष्मीपुरीत धान्याची पोती उतरताना जे सांडतं तो पारव्यांचा मोठा आधार. गल्लीतली गिरणी आणि अक्षता पडलेलं मंगल कार्यालयाचं अंगण हे त्याखालोखाल. हमालांना दोष देऊन उपयोग नाही. पोती फाटकी असतात आणि झाडायला कुणी नेमलेलं नसतं. गाडी लावतात तिथे ताडपत्री अंथरली, दुपारी आणि संध्याकाळी झाडून घेतलं तर व्यापाऱ्याचंही धान्य वाचतं.

दगडी देवळं आणि भवानी मंडपासारख्या जुन्या वास्तूंवर खिळे ठोकणं, सिमेंट भरणं नको. तिथे पुरातत्त्वाचं जाणणाऱ्याला विचारून, दगडाला धक्का न लावता बांधता येणारी जाळी हवी. विष तर तिथे कल्पनेतही येऊ नये. रोज हजारो माणसं त्या फरशीवर अनवाणी चालतात.

उंदरांना आपण मारतोच की. पारव्याचं एवढं काय?

उंदरांसाठीही आम्ही आधी बिळं बुजवा, कचरा झाका, पिंजरा लावा असंच म्हणतो. पण उंदराचं औषध निदान पेटीत, कोपऱ्यात ठेवायची पद्धत आहे. पारव्याचं विष उघड्यावर, उन्हात, सगळ्यांच्या चोचीसमोर पसरलेलं असतं.

कायद्याने काय होतं? पारव्यासाठी कोण पोलिसांत जातं?

जाता येतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ प्राण्याला जाणूनबुजून अपायकारक द्रव्य खायला घालणं हा गुन्हा ठरवतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपये आहे. तो वाढावा ही आमचीही मागणी आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं किंवा विष घालणं याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा गुन्हा ‘आगळीक’ या प्रकारातला, मालमत्तेच्या नुकसानीशी जोडलेला, त्यामुळे मोकळ्या पक्ष्याच्या बाबतीत ठाण्यात कधी का-कू होते. म्हणून तक्रारीत त्याच संहितेचं कलम २८६ जरूर लिहा. माणसाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळणं असं ते कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उघड्या टाकीशेजारी विषाचा दाणा ठेवणं यात नक्की बसतं.

गच्चीवर मेलेले पारवे दिसले. आता काय करू?

मुलांना आणि पाळीव जनावरांना आत घ्या. उघड्या हाताने काही उचलू नका. टाकीचं झाकण बघा, शंका असेल तर पाणी वापरू नका. दाणा, पक्षी, भांडं जसं आहे तसं फोटोत घ्या, वेळ आणि जागा लिहा. मग ११२ वर पोलिसांना आणि १९६२ वर पशुवैद्यकीय सेवेला कळवा. घार, घुबड, शिक्रा असा रानपक्षी मेला असेल तर वनविभागाच्या १९२६ वर सांगा. पंचनामा होईपर्यंत झाडलोट करू नका. पुरावा बहुतेक वेळा झाडूनेच जातो.

पण मेलेला प्रत्येक पारवा विषानेच मेला असंही नाही. कोंबड्यांना होते तशी मानमोडी पारव्यांनाही होते. मान पिळवटते, गोल गोल फिरतात. ती हळूहळू, एकेकट्या पक्ष्यात दिसते. एकाच सकाळी, एकाच जागी, पिशवी दाण्याने भरलेली असताना अनेक मेले तर विषाचा संशय जास्त. खूप पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवायलाच हवं, बर्ड फ्लूसारखा आजार असू शकतो. शवविच्छेदन आणि प्रयोगशाळेची तपासणी याशिवाय कुणावर बोट ठेवू नका. आम्हीही ठेवत नाही.

एखादा अजून जिवंत असेल तर वाचतो का?

कधी कधी. हातमोजे घालून किंवा जुन्या टॉवेलने हलकेच उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी, दूध, तेल, मिठाचं पाणी काहीही ओतू नका. झटके येत असताना ते थेट श्वासनलिकेत जातं. लगेच पशुवैद्याकडे न्या आणि दाण्याचा नमुना बंद पिशवीत सोबत द्या. फोरेटच्या कुळातल्या विषावर अ‍ॅट्रोपिन चालतं, पण ते वेळेत आणि डॉक्टरांच्याच हातून. त्या सकाळचे आमचे दोन्ही गेले. पुढे दुसऱ्या ठिकाणचा एक जगला, आठ दिवसांनी खोक्यातून आपणहून उडून गेला.

जाळीत अडकलेला दिसला तर?

अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. उंच जागी स्वतः लोंबकळून काही करायला जाऊ नका.

माणसांचे एवढे प्रश्न पडलेत आणि तुम्ही पारवे घेऊन बसलात?

महापुरात पाणी चढायला लागलं की आधी गोठ्यातली जनावरं सोडून उंचावर नेणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. म्हैस तर धनी सोडायला तयार नसतो, तो कमरेएवढ्या पाण्यात तिच्याजवळ उभा राहतो. तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की माणसांचं सोडून हे काय. आणि विषाचा दाणा, उघडी टाकी, नाल्यात जाणारं पाणी, डक्टमधली सड, हे सगळे माणसांचेच प्रश्न आहेत.

शेजारीच विष घालतात. रोज तोंड बघायचं असतं, भांडण नको. कसं बोलू?

गच्चीवर, चार लोकांसमोर बोलू नका. घरी जा, चहा घ्या, आधी त्यांचा त्रास ऐका. ‘काका, तुम्हाला पारव्यांनी वैताग आणलाय, चला जाळीचं बघूया’ इथून सुरुवात करा. कायदा पहिल्या वाक्यात आणला की माणूस दार लावतो. जाळीचा खर्च चार घरांत वाटला तर फार पडत नाही, आणि तारखेसह ठरलं की तेही होतं. एवढं करूनही पुन्हा दाणा दिसला तर मात्र लेखी तक्रार. नातं जपायचं म्हणून मुलांच्या जिवाशी खेळ नको.

मला तुमच्यासोबत काम करायचंय. काय करू?

पहिलं काम आपल्या इमारतीपासून. सोसायटीच्या पुढच्या सभेत विष न वापरण्याचा ठराव मांडा, आणि त्याच ठरावात डक्टची जाळी कधीपर्यंत लागेल ते लिहून घ्या. नुसता ‘विष नको’ असा ठराव टिकत नाही. त्रास चालू राहिला की लोक मागे फिरतात.

दुसरं, महानगरपालिकेला माहिती अधिकारात विचारा की पक्षी नियंत्रणाची कामं कुणाला दिली, त्यात काय वापरलं, पैसे किती दिले. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. तिसरं, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे निवेदन देता येतं. निवेदन एका पानाचं असावं. वर जागा आणि तारीख, मग काय दिसलं ते दोन-तीन ओळींत, फोटो जोडून, आणि खाली तीन मागण्या : विषारी दाण्यावर मनाईचा जाहीर आदेश, पेस्ट कंट्रोलच्या ठेक्यात तशी अट, आणि बाजारातल्या सांडलेल्या धान्याची दिवसातून दोनदा झाडलोट. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.